रस्त्याचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभास एखादा नामांकित डॉक्टर, वकील किंवा मोठा व्यापारी पाहुणा म्हणून बोलवावयाचा, ही आपल्या संस्थेची जुनी रीत आहे. या वर्षी चालकांनी एका ड्रायव्हरला बोलावले. निमंत्रण घेऊन शिक्षक घरी आले तेव्हा मला वाटले की, यांना मुलांच्या सहलीसाठी गाडी हवी असावी. नंतर उलगडा झाला. मी याच शाळेत नववीपर्यंत शिकलो. दहावीला बसलो नाही, त्यास घरची परिस्थिती जितकी कारण, तितकाच माझा आळसही कारण होता, हे आज ज्यांनी बक्षिसे घेतली त्या मुलांसमोर कबूल केलेले बरे. पुढे १९९९ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, मुंबईत एका धर्मादाय ट्रस्टची रुग्णवाहिका चालवली. आपल्या शहराचा माणूस रस्त्यावर कसा वागतो हे मी पुस्तकात वाचलेले नाही. ते समोरच्या काचेतून पाहिलेले आहे. त्यातील थोडे आपणांस सांगावयाचे आहे.

आधी मिनिटांचा हिशोब सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे. हृदय बंद पडले की मेंदूला प्राणवायू पोहोचत नाही आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. अर्धांगाचा झटका येतो तेव्हा मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असेल, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ही गुठळी विरघळविणारे औषध आहे, परंतु ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही तपासणीची छायाचित्रे काढून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करून. आता पाहा, घरच्यांना आजार ओळखण्यात एक तास जातो, शेजाऱ्यांशी सल्लामसलतीत अर्धा तास, आणि उरलेल्यात आम्ही रस्त्यावर भोंगा वाजवीत उभे. अपघातात रक्त वाहून जाणाऱ्या माणसासाठी तर पहिला तास इतका मोलाचा की, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ या शब्दाची व्याख्याच घालण्यात आली. घड्याळातील एका तासाची कायद्याने व्याख्या करावी लागली, यावरून काय ते समजावे.

याउलट, वाट देणाऱ्याचे किती जाते? मी बावीस वर्षांत मनातल्या मनात पुष्कळदा मोजले आहे. गाडी डावीकडे घेऊन, आम्हास पुढे जाऊ देऊन, पुन्हा आपल्या मार्गाला लागणाऱ्या माणसाची दहा-पंधरा सेकंदे जातात. परंतु असे पाच जण हटले नाहीत आणि एकेकाने एक मिनिट खाल्ले, तर आमची पाच मिनिटे गेली. पाच मिनिटे म्हणजे किती, ते वर सांगितलेच आहे.

लोक मला विचारतात की, मुद्दाम वाट अडविणारे किती भेटले? खरे सांगतो, फारच थोडे. दुष्टपणाने कोणी अडवीत नाही. अडवितात ती गोंधळलेली माणसे, कानांत गाणी लावलेली माणसे आणि हिशोबी माणसे.

गोंधळलेल्यांची मला कीव येते. बंद काचांच्या गाडीत भोंग्याचा आवाज उशिरा पोहोचतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की तो भिंतींवर आपटून कोणत्या दिशेने येतो तेही कळत नाही. मग माणूस आहे तिथेच ब्रेक दाबतो, आणि आमच्या दृष्टीने हे सर्वांत वाईट, कारण आत स्ट्रेचरवर रुग्ण असतो आणि त्याच्याजवळ उभा असलेला मदतनीस तोल जाऊन पडतो. काही जण आम्हाला वाट देण्यासाठी लाल दिव्यात भरधाव चौक ओलांडतात. तेही नको. एका रुग्णासाठी दुसरा रुग्ण तयार करावयाचा नाही. आम्हास इतकेच हवे असते की, समोरचा काय करणार हे आधी कळावे. आरशात पाहावे, डावीकडचा दिवा दाखवावा, हळूहळू बाजूस सरावे आणि गरज पडल्यास थांबावे. आम्ही गेल्यावर लगेच गाडी मध्ये घालू नये, कारण कधी कधी मागून दुसरी रुग्णवाहिका किंवा बंब येत असतो.

मुलांसाठी एक गंमत. रुग्णवाहिकेच्या तोंडावर इंग्रजी अक्षरे उलटी का लिहिलेली असतात? आम्ही पेंटरला पैसे कमी दिले म्हणून नव्हे. पुढच्या गाडीच्या आरशात ती सुलटी दिसावीत म्हणून. म्हणजे ही गाडी बनविणाऱ्याने धरून चालले होते की, पुढचा माणूस अधूनमधून आरशात पाहतो. घरी गेल्यावर वडिलांना विचारा की, ते शेवटचे कधी पाहत होते.

हिशोबी माणसांचे दोन प्रकार. एक प्रकार आमच्या मागे लागतो. आम्ही वाट काढली की हे मोटारसायकलवाले आणि टॅक्सीवाले आमच्या शेपटीला चिकटून मोकळ्या वाटेने निघतात. आम्हाला अचानक थांबावे लागले तर ते आमच्या मागच्या दारावर आदळतील, आणि त्याच दारातून रुग्ण बाहेर काढावयाचा असतो. यांत आपल्या मोहल्ल्यातील तरुण किती असतात हे मी सांगत नाही, आपणच आठवून पाहावे. दुसरा प्रकार म्हणतो, ‘आत कोणी नाही, रिकामी गाडी आहे, ड्रायव्हर चहाला निघाला आहे.’ बंधूंनो, रिकामी रुग्णवाहिका म्हणजे रुग्णाला आणावयास निघालेली रुग्णवाहिका. भरलेल्या गाडीत निदान प्राणवायूचे नळकांडे आणि एक जाणता माणूस असतो. जो अजून घरी जमिनीवर पडला आहे त्याच्याजवळ काहीच नसते. रिकाम्या गाडीला अधिक घाई असते. कोणी ड्रायव्हर भोंग्याचा गैरवापर करीत नाही, असे मी म्हणणार नाही. करणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे आमची पत गेली. मोठ्या लोकांच्या लाल दिव्यांनीही तेच केले. दिवा दिसला की साहेब आले असे समजून माणूस मनात चिडावयाचा. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने ते दिवे काढले आणि ते तातडीच्या सेवेच्या वाहनांपुरतेच राहिले, हे उत्तम झाले. परंतु पन्नास वर्षांची चीड एका दिवसात जात नाही.

आता एक प्रसंग सांगतो. २०१८ चा पावसाळा होता. एका निवृत्त शिक्षकांच्या छातीत कळ आली होती. मागे त्यांची मुलगी बसलेली. हॉस्पिटल दीड-पावणेदोन मैलांवर. एका सिग्नलला आमच्यापुढे एक नवी मोटार उभी होती, डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक. मोटार सहा-सात फूट पुढे सरकली असती तर आम्ही कुशीतून निघालो असतो. भोंगा वाजतो आहे, मी हात जोडतो आहे, आणि तो तरुण काच खाली करून मला म्हणतो, ‘चाचा, वर कॅमेरा आहे, पट्टी ओलांडली तर चलन येईल.’ त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, खरोखरची भीती होती. मागून मुलगी विचारते, ‘चाचा, गाडी का थांबली?’ मी काय सांगणार? हिरवा दिवा लागला, पण तोवर आडव्या रस्त्यावरच्या गाड्या चौकात येऊन अडकल्या होत्या. त्या एका चौकात अकरा मिनिटे गेली. मास्तरसाहेब हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोहोचले, पुढे वाचले नाहीत. त्या अकरा मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही.

त्या तरुणाला कोणी तरी सांगावयास हवे होते की, कायदा उलट बाजूस उभा आहे. मोटार वाहन कायद्याचे १९४-ई हे कलम २०१९ साली घालण्यात आले. बंब, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरविलेले तातडीचे वाहन जवळ येत असता जो चालक गाडी रस्त्याच्या कडेस घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच वर्षी १३४-ए कलमही आले. अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असे ते कलम सांगते. ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून जखमीला सोडून जाणाऱ्यांनी ते वाचावे. आणि पालकहो, जाता जाता तिसरेही ऐका. ज्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा बुलेट घेऊन ट्यूशनला जातो त्यांच्यासाठी १९९-ए कलम आहे. त्यात शिक्षा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. टाळ्या वाजविणारे वडील आता थांबले, असे दिसते.

परदेशात सर्व काही आबादीआबाद आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही, पण जर्मनीची एक रीत घेण्यासारखी आहे. तेथे मोठ्या रस्त्यांवर रहदारी मंदावून पावलांच्या गतीवर आली की, भोंगा ऐकू येण्याची वाट न पाहता, सर्वांत आतल्या रांगेतील गाड्या आतल्या बाजूस आणि उरलेल्या बाहेरच्या बाजूस सरकतात. मध्ये एक पट्टा मोकळा राहतो. ऑस्ट्रियाने २०१२ पासून तसाच नियम केला. म्हणजे रुग्णवाहिका येण्याआधीच तिची वाट तयार असते. आपल्याकडे बंपरला बंपर लावून उभे राहावयाचे आणि मग ‘कुठे सरकू, जागाच नाही’ असे म्हणावयाचे. त्या क्षणी ते खरेच असते. जागा आधी ठेवली नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

रस्त्याची तक्रार पुरे झाली. आता आपल्या दाराशी येतो. २००२ साली जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला तेव्हा आम्हा ड्रायव्हरांना वाटले की, मुहम्मद अली रोडचा प्रश्न सुटला. पण पुलावरून जाणाऱ्याचा सुटला. जो पुलाखालच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो त्याच्याकडे पुलावरून पोहोचता येत नाही. रमजानच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर काय असते ते आपण जाणता. आणि आपल्या मोहल्ल्यात? गल्ली चौदा फुटांची. मोटारसायकली भिंतीला समांतर लावल्या तर दोन्ही बाजूंनी मिळून पाच फूट जातात, नऊ उरतात. रुग्णवाहिका जपून आत येते. त्याच मोटारसायकली एका बाजूस आडव्या लावल्या तर सहा-सात फूट गेले, समोर एक हातगाडी उभी राहिली, गल्ली संपली. अग्निशामक बंब अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून रुंद असतो, आरसे वेगळे, आणि वळण घ्यावयास जागा वेगळी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान मृत्युमुखी पडले, म्हणून तो दिवस देशभर पाळला जातो. जी माणसे आगीत शिरावयास तयार असतात त्यांना आपण स्कूटरच्या हँडलशी अडवितो.

हे बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, तेही सांगतो. २०१६ सालातील एक शुक्रवार. माझी सुट्टी होती. खुत्ब्याला उशीर होत होता म्हणून मी माझी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आडवी टाकली. दोन मिनिटांत येतो, असे कोणाला तरी सांगितलेही असेल. नमाज चालू असताना गल्लीतल्या एका शेजाऱ्याचे तोंड वाकडे झाले, उजवा हात पडला. त्यांच्या मुलाने १०८ ला फोन केला. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि फुकट आहे, हे बायकांनाही ठाऊक असू द्या. गाडी वेळेवर आली. आत येईना. माझ्या स्कूटरचे हँडल लॉक केलेले आणि चावी माझ्या खिशात, मी सजद्यात. शेवटी चार मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून दोनशे पावले बाहेर नेले. बाहेर येऊन मी पाहिले तेव्हा मुले परत येत होती. त्यांतला एक मला म्हणाला, ‘चाचा, तुमची स्कूटर होती.’ बाकी काही म्हणाला नाही. सतरा वर्षे लोकांना भोंगा वाजवून बाजूला करणारा मी, आणि माझीच स्कूटर. ते शेजारी हयात आहेत. सकाळी भेटतात. सलामाला हात उचलतात तो डावा असतो. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी केलीही. परंतु ती रिकामी खुर्ची परत आणणारी मुले अजून डोळ्यांसमोर येतात.

दीनी तालीम घेतलेले आपण लोक. एका जिवाच्या रक्षणाची आणि सबंध मानवजातीच्या रक्षणाची सूरह माइदामध्ये जी सांगड घातली आहे, ती आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण हदीसमध्ये रस्त्याविषयी जे आहे त्याकडे लक्ष कमी जाते. सहाबांना वाटेवर बसण्याची सवय होती. पैगंबर (स.) यांनी त्यांना ती टाळण्यास सांगितले, आणि बसणे अगदी भागच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्यावा असे बजावले. त्या हक्कांत कोणास त्रास न देणे हेही आले. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा तर इमानचा एक भाग म्हटला आहे. ती वस्तू म्हणजे काटा किंवा दगड, असे मी लहानपणी समजत होतो. मुलींसाठी आणखी एक नाव सांगतो: हजरत रुफैदा अस्लमिया. मदीनेत जखमींसाठी त्यांचा तंबू असे, आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज यांना तेथेच ठेवले होते. त्या तंबूच्या वाटेवर कोणी आपला उंट आडवा बांधला असता काय, हा विचार मी त्या शुक्रवारपासून अनेकदा केला आहे.

जमातीच्या मंडळींशी माझे बोलणे झाले आहे. जुम्म्याला मशिदीसमोर दोन स्वयंसेवक उभे राहतील आणि गाड्या एकाच बाजूस, भिंतीला समांतर लावून घेतील, हे त्यांनी मान्य केले. लग्नाचा मांडव घालणाऱ्याने एका बाजूने दहा फूट मोकळे ठेवावे, याला दोन कुटुंबांनी कुरकुर केली, पण नाही म्हटले नाही. गल्लीच्या तोंडाशी फळा लावून त्यावर रात्री गाड्या ठेवणाऱ्यांचे फोन नंबर लिहावयाचे आहेत. हँडल लॉक करू नये असे मी सुचविले होते. ते कोणालाच पटले नाही, आणि चोऱ्या पाहता मलाही आग्रह धरवला नाही. म्हणून चावी तळमजल्यावरच्या किराणा दुकानात ठेवावी असे ठरते आहे. दुकानदार रात्री अकराला बंद करतो, त्यापुढचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कोणाला उपाय सुचला तर सांगावा.

यासाठी गल्ल्यांचे नीट माप लागेल. भूगोलाच्या सरांनी आठवी आणि नववीच्या मुला-मुलींना सोडण्याचे कबूल केले आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मोजपट्टी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा असेन. वही-पेन्सिल आपापली आणावी. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांच्या वडिलांनी तिच्यासह यावे, कारण ती गल्लीत उभी करूनच मोजावे लागणार आहे. खुदा हाफिज.